बाटलीचा गोल डाग

जर्मनीत एर्लांगेनला राहते म्हटलं की समोरचा माणूस लगेच तिथल्या त्या मोठ्या कंपनीचं नाव घेतो. मी त्या कंपनीतली नाही. गावाबाहेर, जिथून बस वळसा घालून परत फिरते, तिथे आमची लहानशी कंपनी आहे आणि आम्ही डबे बनवतो. पांढरे, पत्र्याचे, माणसाच्या उंचीचे डबे. मोबाईलच्या टॉवरखाली कुंपणात उभे असतात ते. तुमच्या नजरेसमोरून शंभरदा गेले असतील आणि तुम्ही एकदाही पाहिले नसतील. त्यांच्या पोटात नेटवर्कची यंत्रं असतात, बॅटऱ्या असतात. जर्मनमध्ये त्यांना श्रांक म्हणतात, म्हणजे कपाट. माझा दादा त्यांना डबा म्हणतो, म्हणून मीही डबाच म्हणते.

डबा गार ठेवणं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. आतली यंत्रं चालता चालता स्वतःच तापतात. वाळवंटात वरून ऊन पत्र्याला भाजून काढतं. हवा खेळावी म्हणून भोकं पाडावीत, तर पिठासारखी बारीक धूळ आत शिरते आणि एखाददुसऱ्या वादळात पंखे बसतात. म्हणून डबा घट्ट बंद करायचा. बंद केला की आतली उष्णता आतच कोंडते. मग त्याला छोटा एसी लावायचा, दुहेरी पत्रा लावायचा, मधे हवेची फट ठेवायची, वर उन्हासाठी वेगळं छप्पर द्यायचं. एवढं सगळं यंत्रांतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डांना सुखाने जगता यावं म्हणून. भुसावळची मुलगी जर्मनीत बसून वाळवंटातले डबे गार करते, यात काहीतरी गंमत आहे असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. पार्ट्यांमध्ये मी ती गंमत सांगायचेसुद्धा.

भुसावळचा उन्हाळा मी कोणाला समजावत बसणार नाही. ज्याने काढलाय त्याला माहीत आहे. आमच्या घरात फ्रीज आला त्या मे महिन्यात दादा आणि मी दिवसभर काही ना काही निमित्त काढून त्याचं दार उघडायचो. तो पाणी काढायला, मी पाणी ठेवायला. दार उघडायचं, आतला दिवा तोंडावर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि हनुवटी वर करून उभं राहायचं. शर्टाच्या आत गारवा शिरला की दादा "आहाहा" करायचा आणि त्याच आवाजाने पकडला जायचा. मागून आई ओरडायची, "दार लावा रे मेल्यांनो! सगळा गारवा बाहेर चालला!" उष्णतेच्या शास्त्रातला माझा पहिला धडा तो. पुढे जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठात जे शिकले ते याच्याच वरचं गणित होतं.

दादा माझ्यापेक्षा थोडाच मोठा. त्याने पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि आखातात गेला. टॉवरची मालक कंपनी वेगळी, तिने देखभालीचं काम दिलेली कंपनी वेगळी, आणि त्या कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार आणखी वेगळा. दादा त्या शेवटच्या ठेकेदाराचा माणूस. गाडी घेऊन वाळवंटातून एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जायचं, काही बंद पडलं असेल तर चालू करायचं. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायचं नाही असा तिथे नियम आहे. "नियम आहे ना," दादा म्हणायचा, "पण नेटवर्क पडलं की नियमपण पडतो."

एकदा त्याने एका डब्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'शहाणे, हा तुमच्याकडचाच ना?' शहाणे हे त्याने मला लहानपणापासून ठेवलेलं नाव, कौतुक कमी आणि टोमणा जास्त. मी दाराची मूठ बघितली आणि खुर्चीतून उठलेच. जगात डबे करणारे काय आम्ही एकटेच नाही, तरी तो आमचाच होता. लगेच फोन लावला.

"दार उघडलं की काय होतं सांगू?" दादा म्हणाला. "आपला फ्रीज होतो. पहिल्यांदा तोंड आत घालून उभा राहतो, मग कामाला लागतो. इथे ओरडायला आई नाही."

मी पोट धरून हसले. त्या दिवशी मला माझ्या कामाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता आणि नंतर कधी वाटणारही नाही.

ऊन हा शब्द मला इथे कोणाला नीट सांगता आलेला नाही. जर्मनीत ऊन पडलं की माणसं अंगावरचे कपडे उतरवून गवतावर आडवी होतात. घर दाखवायला आलेली बाई दक्षिणेकडच्या बाल्कनीचं कौतुक स्वयंपाकघराच्याही आधी करते. एकदा व्हिडिओवर बोलताना दादाने मोबाईल फिरवून आजूबाजूचं दाखवलं. पांढरी जमीन, निळं आभाळ, झाडाचा पत्ता नाही. माझी लेक माझ्या खांद्यावरून डोकावली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. "श्योनेस वेटर!" ती म्हणाली. म्हणजे काय छान हवा आहे.

"काय म्हणते गं भाची?" दादाने विचारलं.

"खूप ऊन आहे म्हणतेय," मी म्हटलं.

त्याच सुमाराला त्याला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. एकदा कळ अशी आली की गाडी बाजूला घेऊन तो वाळूवर गडबडा लोळला. तिथल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, पाणी प्या, दिवसभर पीत राहा, नाहीतर आज खडा आहे, उद्या किडन्या जातील. दादा मला हे सांगताना घाबरलेला नव्हता, चिडलेला होता.

"पाणी नाही असं नाही गं. गाडीत बाटल्यांची खोकीच्या खोकी आहेत. पण गाडी उन्हात उभी. बाटली उघडावी तर चहाचं आधण. तोंडात घेतलं की ओकारी येते. ऊन पाणी माणूस पिणार किती?"

"मग बर्फाची पेटी घे ना बरोबर."

"आहे की. सकाळचा बर्फ दुसऱ्या टॉवरपर्यंत टिकत नाही. शहाणे, तू जर्मनीतनं सांगू नको, मी करतो काहीतरी."

काय करतो ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तेव्हापासून डब्याकडे बघायची माझी नजर बदलली. कोणतं कार्ड किती तापमान सोसेल, किती वेळ सोसेल, बॅटरी कधी फुगेल, रंग कधी पिवळा पडेल, सगळं आमच्याकडे लिहिलेलं होतं. दार उघडणाऱ्या माणसाबद्दल अक्षरही नव्हतं. आम्ही वर जे छप्पर देतो त्याची सावली बरोबर डब्यावर पडते. माणूस उभा राहतो तो त्या सावलीच्या बाहेर. इतकी वर्षं मी ते चित्र संगणकावर फिरवून फिरवून बघत होते आणि चित्रात माणूसच नव्हता.

मग मला पानाची टपरी आठवली. टपरीचं दार बाजूला उघडत नाही. फळी वर उचलायची, खाली काठी लावायची, आणि तीच फळी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सावली धरते. आमच्या स्टँडवरच्या टपरीखाली भर मे महिन्यात चार-पाच माणसं आरामात उभी असायची. मी डब्याच्या दाराचं चित्र तसं काढलं. बिजागरी बाजूला नाही, वर. दार उचललं की त्याखाली माणूस उभा. आत खालच्या कोपऱ्यात, जिथे गार हवा येऊन पडते, तिथे वेगळा बंदिस्त कप्पा, बाटलीसाठी. दोन दिवस हौसेने ते चित्र केलं आणि संगणकावर त्याला नावही 'टपरी' असंच दिलं.

आमचा गटप्रमुख ते बराच वेळ बघत राहिला. हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. सायकलने येतो, कोणाच्याही वाढदिवसाला घरून केक करून आणतो, माझ्या लेकीच्या शाळेच्या प्रवेशासाठी त्याने स्वतः फोन केले होते. वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"हं, कल्पना सुंदर आहे," तो म्हणाला. "पण ही अनफोर्डरुंग कोणाची?"

अनफोर्डरुंग म्हणजे मागणी. आमच्याकडे डब्यातल्या प्रत्येक स्क्रूमागे कोणाची तरी लेखी मागणी असते. मागणी नसेल तर स्क्रू नाही.

"दार उघडणाऱ्या माणसाची," मी म्हटलं.

"तो आपला ग्राहक नाही."

"नाही."

"आपल्या ग्राहकाचा नोकर आहे?"

"तोही नाही. ग्राहकाच्या ठेकेदाराच्या ठेकेदाराचा आहे."

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर. मग त्याने मला वाऱ्याबद्दल विचारलं, वर उघडणारं दार वादळात उडून जाईल का, वगैरे. प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, हिशोब करून दाखवते. तो म्हणाला, मागणी आली की कर. टपरी संगणकातच राहिली.

पुढच्या वर्षी आखातातून डबे परत यायला लागले. आतली कार्डं हिरवी पडलेली, तांब्याला गंज चढलेला. वाळवंटातून आलेल्या डब्यात पाण्याने झालेला गंज! आमच्या बैठकांवर बैठका झाल्या. पाणी आलं कुठून? कोणी म्हणालं, रबराची पट्टी सुटली असेल. कोणी म्हणालं, एसीचं पाणी वाहून जायची नळी तुंबली असेल. एकाने वाळवंटात पडणाऱ्या पावसावर लांबलचक भाषण दिलं. मी परत आलेला एक डबा प्रयोगशाळेत उघडला आणि गुडघे टेकून आत डोकं घातलं.

डब्याच्या तळाला, जिथे गार हवा येऊन पडते त्याच कोपऱ्यात, पांढरा गोल डाग होता. पाणी वाळून क्षार राहतात तसला. त्यावर दुसरा गोल, थोडा सरकलेला. त्यावर तिसरा. कडेच्या स्क्रूला सुती कापडाचा धागा अडकला होता.

मला समजायला क्षणही लागला नाही. प्रवासाला निघताना आई पाण्याच्या बाटलीला ओला फडका गुंडाळायची आणि एसटीच्या खिडकीपाशी वाऱ्यावर ठेवायची. फडका वाळला की पुन्हा ओला करायचा. नाशिक येईपर्यंत पाणी गार. दादाला आणि त्याच्यासारख्या कोणाकोणाला तेच सुचलं होतं. वाऱ्याऐवजी आमचा पंखा होता, इतकंच. बाटली ठेवायला दार उघडायचं, काढायला उघडायचं, मधे तोंड गार करायला उघडायचं. समुद्राकडची दमट हवा दरवेळी आत शिरत होती, गार पत्र्यावर तिचं पाणी होत होतं, वर ओल्या फडक्याचा ओलावा. कार्डं सडणार नाहीत तर काय होईल! मी तिथे गुडघ्यांवर बसून मोठ्याने हसले. आनंदाने हसले. दादाला गार पाणी मिळत होतं आणि ते मी केलेल्या डब्यातून मिळत होतं.

आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, ही घ्या अनफोर्डरुंग! आता तर डबे सडतायत. आता तर ग्राहक ओरडतोय. माणसाला पाणी आणि सावली दिली नाही तर यंत्र मरतं, हे आता पुराव्यासकट दाखवता येईल. मी बैठकीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डाग दाखवला, धागा दाखवला, एका बाटलीला ओला फडका गुंडाळून करून दाखवलं.

गटप्रमुख खरोखर चक्रावला होता. "नेटवर्कच्या कपाटात कोणी पिण्याची बाटली का ठेवेल?"

"तहान लागते म्हणून," मी म्हटलं.

खोलीत सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, कोडं सुटल्याचं हसू होतं. माझी पाठ थोपटली गेली. मी टपरीचं चित्र पडद्यावर लावलं. सगळ्यांनी ते पुन्हा पाहिलं, माना डोलावल्या, आणि ठरलं ते असं: दाराला एक स्विच बसवायचा, दार उघडलं की एसी आणि पंखा बंद. तळाचा पत्रा उतरता करायचा, म्हणजे त्यावर काही ठेवता येणार नाही. आणि दाराच्या आतल्या बाजूला एक चित्र चिकटवायचं, बाटलीवर लाल फुली.

मी भांडले. माझा आवाज चढला, जो इथे चढवायचा नसतो. मी म्हटलं, ती माणसं उन्हात उभी असतात, त्यांना दुसरीकडे गार पाणी मिळत नाही, आजारी पडतात. कोणी नाही म्हणालं नाही. सगळे म्हणाले, हो, हे फार वाईट आहे, त्यांच्या मालकाने त्यांची सोय करायला हवी. त्यांचा मालक कोण हे त्या खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. मग गटप्रमुखाने लाल फुलीचं चित्र माझ्याकडे सरकवलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "तिकडच्या लोकांना हे कळेल ना? तुला त्यांची जास्त माहिती आहे."

मी म्हटलं, कळेल. दुसरं काय म्हणणार होते?

नव्या डब्याची चाचणी माझ्याकडेच आली. आमच्याकडे क्लिमाकामर आहे, म्हणजे हवी तेवढी तापवता येणारी बंद खोली. वर सूर्याच्या जागी मोठे दिवे. डबा आत ठेवायचा, आखाताची दुपार लावायची आणि काय होतं ते बघायचं. खोली तापलेली असताना एकट्याने आत जायचं नाही असा कडक नियम आहे. दुसरं माणूस बाहेर काचेपाशी उभं पाहिजे. माझ्यासाठी आमच्या विभागातली एक वयस्क सहकारी उभी राहायची, चष्मा साखळीला लावलेला, हातात पाण्याची बाटली. थोडा वेळ झाला की ती बोटाने काच वाजवायची. काच वाजली की हातातलं काम टाकून बाहेर यायचं, पाणी प्यायचं, खुर्चीत बसायचं. मी एकदा म्हटलं, अगं, एवढंसंच राहिलंय. तर ती म्हणाली, "नाही. तुला काही झालं तर मी काय उत्तर देऊ?"

चाचणीत लिहिलेलं सगळं मी केलं. दार उघडलं, पंखा बंद झाला, बरोबर. दार लावलं, पंखा सुरू झाला, बरोबर. मग उतरत्या तळावर बाटली ठेवून बघायची होती. मी भरलेली बाटली ठेवली. ती घसरली आणि माझ्या पायाशी पडली. पुन्हा ठेवली, आडवी ठेवली, फडका गुंडाळून ठेवली. दरवेळी पडली. बरोबर. तेवढ्यात काच वाजली आणि मी बाहेर आले.

दादाला मी लपवून ठेवलं नाही. पुढच्याच फोनवर सांगितलं की नवे डबे येतील, त्यात बाटली राहणार नाही, आणि बाटलीचं मीच सांगितलं होतं, कशासाठी सांगितलं होतं तेही सांगितलं. पाठीमागे वाऱ्याचा आवाज येत होता. गाडीच्या खाली शिरून, चाकाला टेकून तो बोलत होता, कारण सावली तेवढीच होती.

"अगं शहाणे," तो म्हणाला, "घरातली गोष्ट साहेबाला सांगायची असते का?"

"मला वाटलं ते सावली देतील."

"जाऊ दे. तू चांगल्यासाठीच केलंस." मग तो हसला. "तुला त्या गरम खोलीत किती वेळ ठेवतात गं?"

"थोडाच वेळ. मग बाहेरची बाई काच वाजवते, बाहेर ये म्हणून."

"बरंय," दादा म्हणाला. "आमची काच अजून कोणी वाजवली नाही."

नवे डबे गेले. गंजून परत येणारे डबे थांबले. ग्राहकाचं कौतुकाचं पत्र आलं आणि गटप्रमुखाने प्लमचा केक आणला. दादा फोनवर डब्यांचा विषय काढेनासा झाला. मी पाण्याचं विचारलं की म्हणायचा, पितो गं, पितो. त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. मी म्हणायचे, जाड झालास. तो म्हणायचा, इथला भात.

मग एका दुपारी तो टॉवरखाली कोसळला. बरोबरच्या माणसाने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या होत्या. ठेकेदाराने तिकीट काढून त्याला घरी पाठवलं, कारण आता तो कामाचा नव्हता. भुसावळहून आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आई त्याला जळगावला डायलिसिसला घेऊन जाते. मी जळगावच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांना सगळं सांगितलं, बाटली, फडका, स्विच. ते म्हणाले, ताई, हे असं एका कारणाने होत नाही, वर्षानुवर्षं साठत जातं. मी मान डोलावली. फोनवर मान डोलावून काय उपयोग!

सुट्टी मागायला गेले तेव्हा गटप्रमुखाला कारण सांगितलं. दार उघडणारा तो माणूस माझा भाऊ आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, मी खोटं सांगणार नाही.

"तो तुझा भाऊ आहे हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ती अनफोर्डरुंग झाली असती?"

त्याने मला हवी तेवढी सुट्टी घे म्हटलं. मी जाऊन आले. आले आणि पुन्हा डबे गार करायला बसले, कारण मला दुसरं काही येत नाही. मला लोक विचारतात, तुला राग नाही येत? येतो. पण राग ज्याच्यावर काढावा असा एकही माणूस मला सापडलेला नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. आम्ही इतके सगळे बरोबर होतो आणि माझ्या भावाच्या किडन्या गेल्या.

डॉक्टरांनी आता त्याचं पाणी बांधून दिलंय. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून जास्त प्यायचं नाही; प्यायलं की अंगावर सूज, छातीत दम. ज्याला पाणी पी, पाणी पी म्हणून सगळे सांगत होते आणि प्यायला मिळत नव्हतं, त्याच्यासमोर आता गार पाण्याने भरलेला फ्रीज आहे आणि पी म्हणायला कोणी नाही. घसा फारच सुकला तर आई त्याच्या जिभेवर बर्फाचा छोटा खडा ठेवते.

रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओवर बोलतो. आई मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवते आणि समोर बसून लसूण सोलते, त्यामुळे मला सगळं स्वयंपाकघर दिसतं. गेल्या रविवारी इथे एर्लांगेनलाही कडक ऊन होतं. लेक खाली गवतावर पडली होती, मी पडदे ओढून बसले होते. तिकडे भुसावळला मे महिना. आई शेजारणीचं काहीतरी सांगत होती. दादा आतून हळूहळू चालत आला, भिंतीला हात लावत, आणि फ्रीजपाशी गेला.

त्याने दार उघडलं. बाटल्यांना हात लावला नाही. आतला दिवा त्याच्या तोंडावर पडला. त्याने डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि तसाच उभा राहिला. आहाहा म्हणाला नाही.

आई बोलता बोलता थांबली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, गारवा सगळा बाहेर चालला होता, आणि मी इकडे खुर्चीच्या टोकावर येऊन वाट बघत होते, की ती आता ओरडेल, एकदा तरी ओरडेल.

आईने मान खाली घातली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.